काटेवाडीचे पवार, होळचे होळकर

बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या दोन्ही लेकी जोशांच्या घरी पडल्या. भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोशांना दिली आणि अनुबाई नारो महादेव जोशांच्या मुलाला, व्यंकटरावांना. पण इतिहासाच्या पुस्तकांत ही दोन घराणी 'जोशी' म्हणून शोधायला गेलं तर सहजी सापडत नाहीत. एक घराणं बारामतीकर झालं, दुसरं घोरपडे. कोकणातून आलेल्या नारोपंतांना कापशीच्या संताजी घोरपड्यांनी आसरा दिला, हाताखाली घेऊन वाढवलं. त्या उपकाराची आठवण म्हणून नारोपंतांनी धन्याचंच आडनाव लावलं, आणि इचलकरंजीचं ब्राह्मण संस्थान शेवटपर्यंत घोरपड्यांचं म्हणून ओळखलं गेलं. पेशव्यांच्या या दोन जावयांपैकी एकाच्या घराण्याने गावाचं नाव घेतलं, दुसऱ्याच्या घराण्याने आश्रयदात्याचं.

आबाजींचे भाऊ बाबूजी नाईक. बारामतीत कऱ्हेच्या काठी त्यांचा वाडा आजही उभा आहे. त्यांचं नाव पूर्ण लिहायचं तर 'बाबूजी नाईक जोशी बारामतीकर' असं लिहावं लागतं. यातलं जोशी हे पूर्वजांचं काम, नाईक ही सावकारीच्या पेढीबरोबर आलेली पदवी आणि बारामतीकर हा मुक्काम. १७४० मध्ये थोरले बाजीराव गेले, तेव्हा पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्यांत हेच बाबूजी होते आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा होता. त्यांच्याच आश्रयाने कवी मोरोपंत बारामतीत राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. पंतांचं आडनाव पराडकर. आयुष्याचा मोठा भाग बारामतीत काढूनही ते पराडकरच राहिले.

'कर' लावायची रीत गावाबाहेर पडल्यावर कामाला येते. गावात राहणारा माणूस शेजाऱ्याला गावाच्या नावाने हाक मारत नाही. बाबूजींना बारामतीकर म्हटलं गेलं असणार ते पुण्या-साताऱ्याच्या दरबारात, जिथे जोशी पुष्कळ होते आणि नाईकही बरेच होते.

नावावर नाव चढण्याची ही रीत बरीचशी अशीच हजारो मैलांवरच्या एका थंड देशात होती. नॉर्वेतला शेतकरी स्वतःचं नाव सांगताना तीन गोष्टी सांगायचा. आधी पाळण्यातलं नाव, मग बापाचं, मग ज्या शेतवाडीवर तो राहायचा तिचं. हान्सचा मुलगा ओले 'बाके' नावाच्या वाडीवर राहत असेल तर तो ओले हान्सेन बाके. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही मांडणी मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. शाळेच्या पहिल्या दिवसापासून तो फॉर्मवर तीच लिहीत आलेला असतो.

'सेन' म्हणजे मुलगा. ओलेचा मुलगा ओल्सेन, लार्सचा लार्सेन. मुलगी असेल तर ओल्सदात्तर. आपल्याकडच्या जुन्या मोडी कागदांत याच जागी 'बिन' आणि 'वलद' हे शब्द येतात. दोन्ही अरबीतून आलेले, अर्थ तोच. महजर असो की खरेदीखत, त्यात आधी माणूस, मग 'बिन', मग बाप आणि मग मोकदम किंवा पाटील असा हुद्दा. बाईचं नाव आलं की 'कोम' आणि पुढे नवऱ्याचं नाव. सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांवर 'भ्र.' अशी खूण दिसते ती भ्रताराची, म्हणजे नवऱ्याची.

नॉर्वेतल्या वाड्यांची नावं अगदी मातीतून उगवलेली आहेत. बाके म्हणजे चढाव, हाउगेन म्हणजे टेकाड, डाल म्हणजे दरी, लुंद म्हणजे राई, मूएन म्हणजे माळ, वीक म्हणजे समुद्र आत शिरून झालेली छोटी खाडी. आज जगभर ज्याच्या नावाचे टी-शर्ट मुलं घालतात त्या फुटबॉलपटू एर्लिंग ब्राउट हालांडच्या नावात 'ब्राउट' आईकडून आलं आहे आणि 'हालांड' बापाकडून, आणि दोन्ही नावं मुळात जागांचीच.

इथपर्यंत साम्य आहे. फरक पुढे लागतो आणि तो फार मोलाचा आहे. नॉर्वेत नाव जमिनीचं होतं, माणसाचं नव्हतं. ओले हान्सेन बाके उद्या हाउगेन वाडीवर राहायला गेला की तो ओले हान्सेन हाउगेन व्हायचा. घरजावई झालेला नवरा बायकोच्या वाडीचं नाव लावायचा. वाडीचा मालक आणि त्याच वाडीच्या कडेला झोपडी बांधून राबणारा भूमिहीन कूळ, दोघांच्या नावापुढे वाडी एकच. त्यामुळे एका आडनावाची दोन माणसं भेटली तर ती नात्यातली असतील असं तिकडे कुणी धरून चालत नाही.

बारामती आणि इंदापूरच्या शिवारात याच्या उलट घडलं. काटेवाडी घ्या. काट्यांची वाडी ती काटेवाडी. देशाच्या राजकारणात या गावाचं नाव पोचलं ते मात्र पवारांमुळे. शरद पवारांचं घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या नांदवळचं. तिथून ते नीरा ओलांडून इकडे आलं, काटेवाडीत रुजलं, आणि पवारच राहिलं. नॉर्वेतला रिवाज इथे असता तर महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या यादीत 'काटे' हे आडनाव लागलं असतं.

इंदापूर तालुक्याचा नकाशा पुढ्यात घेऊन बसावं. भरणेवाडी, झगडेवाडी, तरंगवाडी, गलांडवाडी, बोराटवाडी, हगारवाडी, शिरसटवाडी, घोरपडवाडी, जाचकवस्ती. एकेका नावात कुणा ना कुणा कुळाचं नाव ऐकू येतं. अंथुर्ण्याजवळची भरणेवाडी हे राजकीय नेते दत्तात्रय भरणे यांचं गाव. तिथे माणसाने गावाचं नाव घेतलेलं नाही, गावाने माणसांचं घेतलं आहे. कुणीतरी मूळ गाव सोडून माळावर चार खणांचं घर बांधलं, विहीर पाडली, भाऊबंद येऊन शेजारी वसले आणि जागेला त्यांचं नाव पडलं.

या वाड्यावस्त्यांच्या वाढीत पाण्याचा मोठा हात आहे. नीरा डावा कालवा दुष्काळी कामं म्हणून खोदायला घेतला गेला आणि १८८५ च्या सुमारास वाहू लागला. ज्वारी-बाजरीच्या जिरायती पट्ट्यात ऊस आला. उसाला रात्री-अपरात्री पाणी धरावं लागतं, बैल आणि माणूस रानातच हवा. गावठाण सोडून माणसं रानात राहायला गेली ती यामुळे. सासवडकडच्या माळी समाजातली बोरावके, गिरमे, रासकर अशी कसबी बागाईतदार कुटुंबं कालव्याच्या पाण्यामागे खाली सरकली. त्यांतल्याच काहींनी पुढे १९३२ मध्ये नीरेपलीकडे साखर कारखाना काढला आणि त्या वसाहतीला माळीनगर हे नाव मिळालं. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या रानात शेठ वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना उभा केला आणि तिथे वालचंदनगर वसलं. पूर्वी भावकी वाडीला नाव द्यायची, आता कारखाना नगराला देऊ लागला. भवानीनगर आणि सोमेश्वरनगर ही नावं त्याच पिढीतली, फक्त देवांची.

गावावरून आडनाव घेण्याची रीत या भागात अजिबात नव्हती असं मात्र नाही, आणि ती कोकणस्थ-देशस्थांपुरतीच होती हा समजही खरा नाही. नीरेच्या काठी होळ नावाचं गाव आहे. मल्हाररावांचं घराणं तिथे राहिलं म्हणून ते होळकर झालं. त्याआधी त्यांना वीरकर म्हणत, असं सांगतात. १६९३ मध्ये जन्मलेल्या मल्हाररावांनी माळव्यात राज्य उभं केलं, अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि देवळं बांधली, आणि संस्थान विलीन होईपर्यंत इंदूरच्या गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या नावात नीरेकाठचं हे छोटं गाव राहिलं.

नीरेच्या पलीकडे फलटणजवळ निंबळक आहे. त्या गावाचे ते निंबाळकर. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई याच घराण्यातल्या. निंबाळकर आपलं मूळ कूळ पवार, म्हणजे परमार, सांगतात. त्यांनी गावाचं नाव घेतलं, वर 'नाईक' ही पदवी लावली आणि पवार हे नाव कुळाच्या चौकशीपुरतं राखलं. काटेवाडीकरांनी नेमकं उलट केलं. नदीच्या दोन तीरांवर एकाच कुळनावाच्या दोन गती झाल्या.

म्हणूनच इकडच्या लग्नाच्या बोलणीत आडनाव हे उत्तर समजलं जात नाही. तिथून प्रश्न सुरू होतात. "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" हा पहिला. "कुठल्या पवारांपैकी?" हा दुसरा. मग कूळ, मग देवक. पंचपल्लव की कळंब, मोराचं पीस की सूर्यफूल. देवक एक निघालं की आडनावं कितीही वेगळी असोत, सोयरीक पुढे सरकत नाही. लग्नपत्रिका नीट वाचली तर हे सगळं त्यात छापलेलं सापडतं. वधूच्या आणि वराच्या नावाखाली 'रा.', मग गाव, क्वचित वस्ती, मग 'ता. बारामती, जि. पुणे'. खाली निमंत्रकांची लांब यादी, त्यात आडनाव एकच आणि नावं पंचवीस-तीस. शेवटी 'समस्त भावकी'. आडनाव एकट्याने पुरत नाही हे छापणाऱ्यालाही ठाऊक असतं.

ज्या गावात निम्मी घरं एकाच आडनावाची असतात तिथे आडनावाचा उपयोग तरी काय? मग आतली नावं पडतात. वरल्या आळीचे, मळ्यातले, विहिरीवरचे, चिंचेखालचे. नॉर्वेतही वाडीच्या वाटण्या झाल्या की एक 'वरची' आणि एक 'खालची', एक 'थोरली' आणि एक 'धाकटी' अशी नावं पडत गेली आणि ती पुढे आडनावांत शिरली. आपल्याकडे ही फोड गावांच्या पातळीवर दिसते. बारामती तालुक्यात माळेगाव बुद्रुक आहे आणि माळेगाव खुर्द आहे. कोऱ्हाळे बुद्रुक आहे, कोऱ्हाळे खुर्दही आहे. बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. हे शब्द फारसीतले, दप्तरातून गावात आलेले.

दप्तराने आडनावंही पुष्कळ दिली. फडणीस, चिटणीस, पोतनीस, वाकनीस यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. देशमुख आणि देशपांडे परगण्याचे, पाटील आणि कुलकर्णी गावाचे. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. कामं गेली, जमिनींचे हक्क गेले, आडनावं राहिली. इंदापूरच्या दक्षिणेला, बावड्याच्या पलीकडे अकलूजला मोहिते-पाटील आहेत. त्यांनी कूळ आणि हुद्दा दोन्ही जोडून ठेवले म्हणून मूळ कळतं. नुसतं 'पाटील' लावणाऱ्या असंख्य घरांत आज नातवाला विचारलं की आपण मूळचे कोण, तर त्याला आजोबांकडे बघावं लागतं. आजोबा नसतील तर उत्तरही नसतं.

सुतार, लोहार, कुंभार, गुरव, परीट या आडनावांची कथा मात्र वेगळ्या मापाने मोजायला हवी. नॉर्वेत 'टेकाडावरचा' हे नाव लावणाऱ्याला कुणी विहिरीवरून हटकत नव्हतं. आपल्याकडे नाव सांगताच पुढचा माणूस जात मोजायचा, आजही मोजतो. त्यामुळे नाव बदलणं ही आपल्या इतिहासातली गंभीर घटना आहे. रामजी सकपाळांच्या मुलाचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं ते 'भिवा रामजी आंबेडकर' असं. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्याआधी जोतीरावांच्या घराण्याने गोऱ्हे हे आडनाव मागे टाकलं होतं. कटगुणहून बारामतीशेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आणि तिथून पुण्याला आलेल्या या घराला फुलांच्या धंद्यावरून फुले म्हणू लागले. ज्या दोन माणसांनी जातीच्या उतरंडीला सर्वांत खोल हादरा दिला, त्या दोघांचीही आडनावं वाटेत बदललेली आहेत.

सरकारनेही २०२० च्या डिसेंबरात ठरवलं की जातींवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायची आणि त्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. २०२५ मध्ये बीडच्या पोलिसांनी छातीवरच्या पाट्यांवरून आडनाव काढून नुसतं नाव ठेवलं. ही दोन्ही पावलं योग्यच होती. सगळीच जुनी नावं जपण्यासारखी नसतात. जे नाव माणसाला खाली ढकलण्यासाठी पडलं, ते पाटीवरून उतरलंच पाहिजे. त्याची नोंद मात्र इतिहासात राहू द्यावी, म्हणजे ते का उतरवलं हे पुढच्यांना कळेल.

नॉर्वेत ही बदलती नावं गोठली ती कायद्याने. शहरातल्या आणि अधिकारी घराण्यांत कायम आडनावं आधीपासून होती. नाटककार हेन्रिक इब्सेनच्या वडिलांचं नाव क्नूद होतं. म्हणजे 'इबचा मुलगा' हे नाव त्या घरात कैक पिढ्यांपूर्वीच थिजलेलं. खेड्यांत मात्र बापाचं नाव आणि वाडीचं नाव पिढीगणिक फिरत राहिलं. १९२३ च्या कायद्याने सांगितलं की प्रत्येक घराने एक आडनाव धरावं आणि तेच पुढे चालवावं. कुणी बापाचं नाव धरलं, कुणी वाडीचं, आणि सख्ख्या भावांची आडनावं वेगळी झाली. आज तिथली सर्वांत जास्त आढळणारी आडनावं हान्सेन, योहान्सेन, ओल्सेन ही आहेत. बापाच्या नावाची ही आडनावं कायम झाली आणि त्यांतला बाप कोण होता हे विसरलं गेलं. दुर्मीळ आडनावांना तिकडे कायद्याचं संरक्षण आहे. दोनशे किंवा त्याहून कमी माणसं लावत असलेलं आडनाव उपटून दुसऱ्याला लावता येत नाही. त्या सगळ्यांची संमती लागते.

बायकांच्या बाबतीत मात्र जुनी नॉर्वेजियन रीत आपल्यापेक्षा उदार होती. खेड्यातली ओल्सदात्तर लग्नानंतरही ओल्सदात्तरच राहायची, कारण ती ओलेची मुलगी होती आणि लग्नाने ते बदलत नव्हतं. १९२३ च्या कायद्याने तिलाही नवऱ्याचं आडनाव घ्यायला लावलं आणि ती सक्ती पुढे कित्येक दशकांनी सुटली.

बारामतीने या प्रश्नाचं टोक २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पाहिलं. एका बाजूला पवारांच्या घरात जन्मलेली लेक, आडनाव सुळे. दुसऱ्या बाजूला घरात आलेली सून, आडनाव पवार. प्रचारात 'मूळचे पवार कोण आणि बाहेरून आलेले कोण' यावर जाहीर वाद झाला. सुप्रिया सुळे निवडून आल्या, पण त्या वादाने हजारो घरांतल्या बायकांना जे रोज जाणवतं ते उघड्यावर आणलं. आडनाव बदलून माहेरची ती उरत नाही, आणि आडनाव लावूनही सासरची ती पुरती ठरत नाही. ही अवस्था बायकांच्याच वाट्याला येते आणि ती अन्यायाची आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं सक्तीचं केलं. नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरला. ५ डिसेंबर २०२४ रोजी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेताना बारामतीच्या आमदारांनी आपलं नाव अजित आशाताई अनंतराव पवार असं उच्चारलं. शेकडो वर्षं 'बिन' आणि 'वलद'ने चाललेल्या नावांत आई आली, ही या काळातली खरी मोठी नोंद आहे.

नॉर्वेकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. जमीन महसुलाची नोंदवही नव्याने करायची म्हणून तिथल्या सरकारने शेतवाड्यांची नावं तपासायला समिती नेमली होती. त्या कामातून ओलुफ रिग या अभ्यासकाने देशातल्या वाड्यांच्या नावांचा प्रचंड कोश उभा केला. १८९७ पासून त्याचे खंड निघू लागले. रिग १८९९ मध्ये वारले, पण इतरांनी ते काम पुढे नेऊन पुरं केलं. कुठल्या वाडीचं नाव कोणत्या साली कोणत्या कागदात कसं लिहिलं होतं, हे त्यात जिल्हावार दिलेलं आहे. आज एखाद्या हाउगेनला आपण कुठले हे शोधायचं असेल तर तो त्या खंडांपाशी जातो.

बारामती-इंदापूरकडे त्यासाठी लागणारा ऐवज आहे. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदांचे रुमाल आहेत. सुपे आणि इंदापूर हे शिवाजी महाराजांच्या भोसले घराण्याच्या जहागिरीतले परगणे, त्यामुळे इथल्या गावांचे उल्लेख तीनशे-साडेतीनशे वर्षं मागे जातात. भूमी अभिलेखात जुने उतारे आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचं, अजून माणसं आहेत. उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या पळसदेव गावात कुठल्या आळीत कुणाची घरं होती हे सांगणारे आजोबा-आजी अजून हयात आहेत. पाणी उतरलं की तिथलं पळसनाथाचं देऊळ दिसतं, पण आळ्या दिसत नाहीत. त्या ज्यांना आठवतात त्यांच्याकडूनच उतरवून घ्याव्या लागतील.

म्हणून दिवाळीत गावी जाल तेव्हा वस्तीवरच्या सर्वांत वयस्क माणसाशेजारी वही घेऊन बसा. आपली वस्ती कुणी बसवली, ते कुठल्या गावाहून आले, त्याआधी कोणतं आडनाव लावत होते, देवक कोणतं, आणि घरात आलेल्या बायका कुठल्या गावच्या कुठल्या घरच्या, हे सगळं विचारा आणि लिहून काढा. माळ्यावरच्या पेटीत मोडी कागद असतील तर ते रद्दीत घालू नका, मोडी वाचणाऱ्याला दाखवा. आणि बायकांची नावं लिहिताना 'कोम' आणि 'भ्र.' च्या पुढे थांबू नका, त्यांचं माहेरचं आडनावही लिहा.